टीबीची गोळी मध्येच सुटते तेव्हा

टीबीचं औषध सुरू झालं की दोन-चार आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागायला लागते, खोकला कमी होतो. काट्यावर वजन वाढलेलं दिसतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. औषध सुटण्याचा धोका वाढतो तो नेमका इथून पुढे. माणूस गोळी घेतो ती त्रास होतो म्हणून. त्रासच उरला नाही तर रोजच्या एवढ्या गोळ्या, मळमळ आणि दवाखान्याच्या खेपा कशासाठी, असं वाटणं स्वाभाविक आहे. ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ हे उत्तर पंधरा दिवस चालतं, सहा महिने चालत नाही.

हे सहा महिने आले कुठून, हे आधी पाहू. आणि मग त्याहून अवघड गोष्ट: एका रुग्णाचं औषध सुटलं तर ते त्याच्यापुरतं का राहत नाही. टीबीच्या बाबतीत अर्धा उपचार म्हणजे अर्धा फायदा, असा हिशेब लागत नाही. काही वेळा तर अर्धा उपचार समाजाला उपचार न करण्यापेक्षाही महाग पडतो. हे विधान टोकाचं वाटेल, पण त्यामागे बरीच जुनी निरीक्षणं आहेत.

सहा महिने का?

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे ठेवलेला हा जंतू भलताच संथ आहे. पोटाच्या नेहमीच्या विकारांचे काही जंतू वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी साधारण अठरा-वीस तास लागतात. बरीचशी औषधं जंतूवर घाव घालतात ती तो वाढत असताना, नवी भिंत उभारत असताना. जो वाढतच नाही, त्याच्यावर घाव नीट बसत नाही.

त्यात भर म्हणजे फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि ते सगळे एकाच अवस्थेत नसतात. काही जोमाने वाढत असतात. काही पेशींच्या आत, आम्लधर्मी वातावरणात दबून बसलेले असतात. काही जवळजवळ निपचित असतात, मधूनच थोडा वेळ हालचाल करतात आणि पुन्हा गप्प होतात. एकच औषध या सगळ्यांना पुरं पडत नाही. आयसोनियाझिड वाढणाऱ्या जंतूंचा झपाट्याने फडशा पाडतं. त्यातले बहुतेक पहिल्या काही दिवसांतच मरतात. पायराझिनामाइडचं काम आम्लधर्मी कोपऱ्यांत चालतं. मधूनच जागे होणाऱ्यांना गाठण्यात रिफाम्पिसिनचा हात कोणी धरत नाही. इथाम्ब्युटॉल हे प्रामुख्याने राखणदार आहे: बाकीच्यांपैकी एखाद्या औषधाला जंतू आधीच दाद देत नसेल, तर उरलेल्यांना एकटं पडू न देणं हे त्याचं काम. पहिले दोन महिने ही चारही औषधं द्यायची आणि पुढचे चार महिने मुख्यतः आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन, ही नेहमीच्या टीबीची घडी बसलेली पद्धत.

दोन महिन्यांनी बहुतेकांची थुंकी निगेटिव्ह येते आणि इथेच मोठी गफलत होते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचा तर एक मिलिलिटर थुंकीत ते पाच-दहा हजारांच्या घरात असावे लागतात. निगेटिव्ह म्हणजे तेवढे सापडले नाहीत, इतकंच. फुप्फुसात एकही उरला नाही, असं तो अहवाल म्हणत नाही. हराळी वरून कापली की वावर स्वच्छ दिसतं. मुळं खाली तशीच असतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. उरलेले चार महिने या मुळांसाठी आहेत.

सहा हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. रिफाम्पिसिन येण्याआधी उपचार दीड-दीड वर्ष चालायचे. १९७०च्या दशकात पूर्व आफ्रिका, हाँगकाँग, सिंगापूर इथे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने एकामागून एक चाचण्या झाल्या. मुदत कमी कमी करत नेली आणि उपचार थांबल्यावर किती जणांचा टीबी उलटतो ते मोजलं. सहा महिन्यांवर उलटणाऱ्यांचं प्रमाण अगदी थोडं राहिलं. त्याहून खाली गेल्यावर ते वाढायला लागलं. म्हणजे सहा महिने ही जास्तीची खबरदारी नाही. ती जवळजवळ किमान रेषा आहे.

सगळ्या गोळ्या बंद करणं वेगळं, एखादी वगळणं वेगळं

‘औषध मध्येच सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासा होतो,’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. कसं सोडलं, यावर बरंच अवलंबून असतं.

आधी एक साधं गणित. जंतू वाढताना त्याच्या जनुकांची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चुका होतात. त्यातल्या काही चुकांमुळे एखादं औषध त्या जंतूवर निष्प्रभ ठरतं. आयसोनियाझिडच्या बाबतीत असा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनच्या बाबतीत दहा कोटींत एक. आता एका पोकळीत दहा कोटी जंतू आहेत असं धरा. म्हणजे रुग्णाने पहिली गोळी तोंडात टाकण्याआधीच आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरएक जंतू त्याच्या फुप्फुसात तयार आहेत. औषध त्यांना जन्माला घालत नाही. औषध बाकीच्यांना मारून त्यांच्यासाठी मैदान मोकळं करतं. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू आपसूक निपजायचा तर एकावर चौदा शून्यं इतके जंतू लागतील. तेवढे कोणाच्याच फुप्फुसात नसतात. एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायची ती या गणितापायी.

हे गणित कळायच्या आधी त्याची किंमत मोजली गेली. १९४८ साली ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांत, औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले. औषधाविना नुसती विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४. चमत्कारच वाटावा असा फरक. पण एकटं स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या अनेकांच्या जंतूंनी काही आठवड्यांतच त्याला दाद देणं बंद केलं होतं. पाच वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांतल्या मृत्यूंमधला फरक बराचसा पुसला गेला होता.

आता औषध सोडण्याकडे या. सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि टीबी उलटतो. पण त्या जंतूंमध्ये निवड झालेली नसते, कारण कोणतंच औषध त्यांच्यावर काम करत नव्हतं. अशा रुग्णाचा टीबी पुष्कळदा त्याच साध्या औषधांना पुन्हा दाद देतो. मधल्या काळात फुप्फुसाची नासाडी होते आणि घरच्यांना लागण होते, हा भाग वेगळा. आणि तो लहान नाही.

एखादीच गोळी वगळण्याचा परिणाम निराळा. ‘या लाल गोळीने मळमळतं’ म्हणून तेवढी बाजूला ठेवली, किंवा साठा संपल्याने चारांतलं एक औषध महिनाभर मिळालंच नाही, तर उरलेल्या औषधांवर भार येतो. त्यातलं एखादं आधीच निकामी असेल तर रुग्ण प्रत्यक्षात एकाच औषधावर असतो आणि १९४८ची गोष्ट त्याच्या फुप्फुसात नव्याने घडते. चारही औषधं एकाच गोळीत घालायला सुरुवात झाली त्यामागे हा विचार आहे. हीच चूक डॉक्टरांकडूनही होते: उपचार लागू पडत नाही म्हणून चालू औषधांत एकच नवं औषध वाढवायचं. जंतू बाकीच्यांना दाद देत नसेल तर हे नवं औषध एकटं पडतं आणि थोड्याच दिवसांत तेही वाया जातं.

तिसरा प्रकार सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात कमी लक्षात येणारा: चार दिवस घेतली, तीन दिवस खाडा, पुन्हा आठवडाभर घेतली. प्रत्येक औषधाचा असर वेगवेगळ्या वेळाने ओसरतो. खाड्याच्या दिवसांत एक उतरलेलं असतं, दुसरं अजून थोडं रेंगाळतं, आणि तेवढ्या फटीत जंतू वाढतात. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरलं तर निवड व्हायला वाव मिळतो. ‘अधूनमधून राहते एखादी’ असं सांगणाऱ्या रुग्णाला आपण उपचार सोडलाय असं वाटतच नाही, आणि कागदावरही तो नियमित रुग्णच असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात तीन मोठ्या चाचण्यांमधल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचारात दहा टक्के किंवा त्याहून जास्त डोस चुकलेल्यांमध्ये वाईट निकालाचा धोका जवळपास सहापट आढळला. दहा टक्के म्हणजे महिन्याला तीन खाडे.

समाजाचा हिशेब

आता सुरुवातीच्या त्या टोकाच्या विधानाकडे. औषधं नसताना टीबी रुग्णांचं काय व्हायचं, याची चांगली नोंद बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने आसपासच्या खेड्यांमध्ये १९६१ ते १९६८ या काळात केलेल्या पाहणीत आहे. थुंकीत जंतू सापडलेल्यांपैकी पाच वर्षांत साधारण निम्मे दगावले, एक तृतीयांश आपोआप निगेटिव्ह झाले आणि उरलेले, म्हणजे पाचातला एक, पाच वर्षांनंतरही जंतू बाहेर टाकत होते. वाक्य क्रूर आहे, पण रोगप्रसाराच्या हिशेबात मृत्यूने साखळी तुटते.

अर्धवट उपचाराने या तीन गटांची वाटणी बदलते. काही आठवड्यांचं औषधही माणसाला मरणाच्या दारातून ओढून आणू शकतं, पण बरं करत नाही. मग तो जगतो, हिंडतो-फिरतो, कामावर जातो, खोकतो. मरणाऱ्यांचा गट आटतो आणि दीर्घकाळ जंतू पसरवणाऱ्यांचा गट फुगतो. ज्या ज्या ठिकाणी रुग्ण शोधण्याचा धडाका लावला, पण उपचार पूर्ण होतात की नाही याकडे दुर्लक्ष झालं, तिथे नेमकं हे घडण्याची भीती असते. कॅरल स्टिब्लो या डॉक्टरांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून टांझानियात काम करताना यावर भर दिला: आधी सापडलेल्यांना बरं करण्याची व्यवस्था बसवा, मग शोध वाढवा. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दोन लक्ष्यं ठरवली, संसर्गजन्य रुग्णांपैकी ७० टक्के शोधायचे आणि त्यातले ८५ टक्के बरे करायचे. त्यांचा गुणाकार करून पाहा: दोन्ही पूर्ण झाली तरी शंभरातले साठच बरे होतात. त्यातला दुसरा आकडा घसरला तर पहिल्यावर केलेली मेहनत मातीमोल होते.

उलट बाजूने पाहिलं तर नीट चाललेला उपचार हीच टीबीची सगळ्यात प्रभावी प्रतिबंधक लस म्हणायला हरकत नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी टीबी वॉर्डमधली हवा गिनीपिग ठेवलेल्या खोलीत खेळवली. उपचार न मिळालेल्या रुग्णांच्या हवेने गिनीपिगना जितकी लागण झाली, त्याच्या तुलनेत लागू पडणारं औषध सुरू झालेल्यांच्या हवेने फारच कमी झाली. म्हणजे संसर्ग आटोक्यात येतो तो उपचार संपल्यावर नाही, सुरू झाल्यावर थोड्याच काळात. औषध सुटून टीबी उलटला की हा फायदाही उलटतो. उपचाराविना राहिलेला संसर्गजन्य रुग्ण वर्षाला दहा-पंधरा जणांना लागण करू शकतो, असा जुना ठोकताळा आहे. लागण झालेल्यांपैकी आयुष्यभरात पाच-दहा टक्केच आजारी पडतात. पण कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही असलेल्यांत आणि लहान बाळांत हे प्रमाण बरंच चढतं. शिवाय लागण आणि आजार यांच्यात वर्षांचं अंतर असू शकतं, त्यामुळे आज सुटलेल्या गोळीचा आणि दहा वर्षांनी खोकणाऱ्या माणसाचा संबंध कोणालाच दिसत नाही.

क्वचित तो दिसतोही. न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकापासून टीबीसाठीचा पैसा आणि माणसं कमी होत गेली, कारण रोग जवळजवळ संपला असा समज होता. १९८८ मध्ये हार्लेम भागातल्या एका सरकारी रुग्णालयातून टीबीचे उपचार सुरू करून घरी सोडलेल्या रुग्णांचा माग काढला, तर दहातले जवळपास नऊ उपचारातून निसटलेले आढळले. त्यातल्या बऱ्याच जणांना घरच नव्हतं. १९९१ मध्ये शहरातल्या रुग्णांचे नमुने तपासले तेव्हा पाचातल्या जवळपास एकाचा जंतू आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्हींना दाद देत नव्हता. यालाच एमडीआर टीबी म्हणतात. १९९२ मध्ये शहरात ३,८११ रुग्णांची नोंद झाली. मग पैसे ओतले गेले, आरोग्यसेवक रुग्णाच्या दाराशी, रस्त्यावर, निवाऱ्यांत जाऊन गोळ्या देऊ लागले, रुग्णालयांतला संसर्ग आटोक्यात आणला गेला आणि दोनच वर्षांत रुग्णसंख्या पाचव्या हिश्श्याने उतरली. वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसा त्यावर गेला.

दोष कोणाचा?

इथे एक सावधगिरी. एमडीआर टीबीचा रुग्ण दिसला की ‘याने गोळ्या सोडल्या असणार’ हा निष्कर्ष पटकन काढला जातो. पुष्कळदा तो चुकीचा असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी इथे २००५-०६ मध्ये जवळजवळ सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे ५३ रुग्ण सापडले. त्यातले ५२ दगावले. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी आयुष्यात कधीच टीबीचं औषध घेतलेलं नव्हतं. त्यांना तो जंतू तसाच, तयार, दुसऱ्याकडून मिळाला होता. आज जगातला बहुतांश एमडीआर टीबी असा थेट पसरलेला आहे. कधीतरी, कुठेतरी सुटलेल्या उपचारांतून तो जन्मला, पण आता त्याला स्वतःचे पाय फुटले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये सुमारे चार लाख लोकांना अशा प्रकारचा टीबी झाला आणि त्यातल्या निम्म्यांपर्यंतही उपचार पोचले नाहीत.

आणि ज्यांनी खरोखर सोडलं, त्यांनी तरी का सोडलं? बेफिकिरी हे कारण सांगायला सोपं आहे. ऐकून घेतलं तर वेगळीच यादी निघते. दवाखान्याची वेळ आणि मजुरीची वेळ एकच. खाडा केला तर रोज बुडतो. काम संपलं की गाव बदलतं आणि नव्या गावात कागद पुन्हा पहिल्यापासून. सासरी कळू द्यायचं नाही म्हणून गोळ्या लपवून ठेवाव्या लागतात. दारूचं व्यसन आहे. मधुमेहाच्या गोळ्या आधीच आहेत, त्यात या. टीबीमुळे घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त फटका बसलेल्या कुटुंबांचं प्रमाण जगभरच्या पाहण्यांत निम्म्याच्या आसपास आहे, आणि उपचार मोफत असलेल्या देशांतलं चित्रही फारसं वेगळं नाही. औषध फुकट असतं. प्रवास आणि बुडालेला रोज फुकट नसतो.

काही कारणं तर दोन मिनिटांच्या बोलण्याने टळण्यासारखी असतात. रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते. हे आधी सांगितलं नाही तर रक्त जातंय असं समजून माणूस घाबरून औषध बंद करतो. पायराझिनामाइडने सांधे दुखतात, आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात आणि त्यावर ब जीवनसत्त्वाची साधी गोळी असते. हे कोणी सांगितलं नाही म्हणून उपचार सुटला, तर त्याला रुग्णाचा निष्काळजीपणा कसं म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींच्या भाषेत सलग दोन महिने औषध बंद राहिलं की उपचार सुटला असं धरतात. प्रत्यक्ष नोंदींतून दोन गळती बऱ्याचदा निसटतात. एक, वर सांगितलेले थोडे थोडे खाडे. दुसरी, टीबी आहे असं निदान झालं पण पहिली गोळी मिळण्याआधीच माणूस हरवला. अहवाल प्रयोगशाळेत, माणूस घरी, आणि मधे कोणीच नाही. आणि औषधाचा साठा संपल्याने झालेला खंड? तो बहुतेक वेळा रुग्णाच्याच नावावर जमा होतो.

पहारा की मदत?

१९५६ साली मद्रासमध्ये एक धाडसी प्रयोग सुरू झाला. तोवर टीबीचा रुग्ण म्हणजे सॅनेटोरियम: चांगली हवा, विश्रांती, पोषण आणि कुटुंबापासून ताटातूट. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली गरीब वस्त्यांमधल्या १९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियम, दुसऱ्याला घरीच गोळ्या. १९५९ साली निकाल आला: दाटीवाटीच्या घरात राहून औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. जगभरच्या सॅनेटोरियमचे दिवस भरले. पण फॉक्स यांच्या चमूला एक गोष्ट तेव्हाच दिसली होती. ते अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध घेतलंय का पाहत, आणि खाडे सापडत. उपचार घरी आला आणि त्याच्यासोबत नियमितपणाचा प्रश्नही घरी आला.

त्यावर निघालेला तोडगा म्हणजे कोणाच्या तरी समोर गोळी घेणं. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबी ही जागतिक आणीबाणी जाहीर केली आणि त्यानंतर डॉट्स नावाने हा तोडगा देशोदेशी गेला. त्यात खरं तर पाच गोष्टी होत्या: सरकारची बांधिलकी, थुंकीची तपासणी, देखरेखीखाली उपचार, औषधांचा अखंड पुरवठा, नोंदी. लोकांच्या लक्षात राहिली ती एकच, समोर बसून गोळी गिळायची. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने पुढे यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा नुसती देखरेख ही घरी स्वतः गोळी घेण्यापेक्षा सरस असल्याचं ठोस काही हाती लागलं नाही. मला यात नवल वाटत नाही. रोज कोणासमोर तरी गोळी घेण्यासाठी दोन तास घालवायचे असतील, तर तो पहारा हाच उपचार सोडण्याचं कारण बनतो. तोच माणूस दाराशी आला, बरं वाटतंय का विचारलं, मळमळीवर उपाय सांगितला, तर त्याचा उपयोग होतो. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे चर्चेचा गोंधळ झाला.

मोबाइलने हा वाद थोडा पुढे सरकवला. व्हिडिओवर गोळी घेणं, उघडल्याची नोंद ठेवणारी डबी, पाकिटाखाली दडलेल्या नंबरवर मिस्ड कॉल देणं, असे मार्ग निघाले. चीनमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवण करून देणाऱ्या डबीने खाडे बरेच घटले. नुसत्या मेसेजने घटले नाहीत. डबी किंवा फोन खाडा दाखवू शकतात. खाडा दिसल्यावर कोणी घरी जातं की नाही, हा पुन्हा माणसांचाच प्रश्न.

मुदत छोटी झाली तर निम्मी कटकट मिटेल, ही आशा खरी आहे. रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा उपचार २०२१ मध्ये सहा महिन्यांच्या तोडीस तोड ठरला. एमडीआर टीबीसाठी पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं, त्यात कित्येक महिने इंजेक्शनं आणि बहिरेपणाची टांगती तलवार असायची. २०२२ पासून बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा, नुसत्या गोळ्यांचा पर्याय आहे. पण मुदत जितकी आखडती, तितके चुकलेले डोस सांभाळून घ्यायला कमी जागा उरते. आणि बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू आताच दिसू लागले आहेत.

खाडा झालाच तर

एक दिवस गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. काही दिवस राहिल्या तर ज्या ठिकाणी उपचार चालू आहे तिथे सांगावं, राहिलेले डोस पुढे भरून काढता येतात. महिना-दोन महिने खंड पडला असेल तर घरातलं जुनं पाकीट काढून स्वतःच सुरुवात करणं टाळावं. एक तर मधल्या काळात जंतू बदलला असू शकतो आणि जुनी औषधं आता पुरेशी आहेत का हे थुंकीच्या जनुकीय तपासणीशिवाय कळत नाही. दुसरं, रिफाम्पिसिन बराच काळ बंद ठेवून पुन्हा घेतल्यावर क्वचित तीव्र ॲलर्जी उद्भवते, मूत्रपिंडावर परिणाम होतो. तपासणीत जंतू औषधाला दाद देतोय असं निघालं तर पुष्कळदा तोच उपचार पुन्हा चालू होतो. किती जुना खंड आणि कितव्या महिन्यात, यावरून तो पुढे न्यायचा की पहिल्यापासून, हे ठरतं.

डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र उलट: त्या दिवशीची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. यकृत सावरल्यावर एकेक औषध पुन्हा सुरू करायची पद्धत आहे. हा खंड उपचाराचाच भाग असतो, तो कोणाच्या खात्यावर दोष म्हणून लिहायचा नसतो.

खंड पडलेला माणूस दवाखान्यात परत येताना ओरडा खायच्या तयारीने येतो, आणि तो मिळाला की पुन्हा येत नाही. त्याला पहिला प्रश्न ‘का सोडलं?’ असा न विचारता ‘काय अडलं?’ असा विचारला तर पुढच्या सहा महिन्यांसाठी उपयोगी पडणारी माहिती हाती येते. सोबत त्याच्या घरच्यांचीही तपासणी व्हायला हवी, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची. खंडाच्या काळात तो खोकत होता ते त्यांच्याच खोलीत. उपचार नीट पूर्ण झालेल्यांनीही पुढची दोन वर्षं ठरावीक अंतराने तपासून घ्यावं, कारण टीबी उलटायचा असेल तर बहुतेक वेळा याच काळात उलटतो, आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला त्याची पहिली खूण असते.